शर्यतीच्या मोटारी घडविणारा इंजिनियर

आमच्या वस्तीतला एक मुलगा मेकॅनिकल इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील महापालिकेत कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगा रात्री दहा-दहा वाजेपर्यंत कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये थांबतो. तेथे मुले मिळून शर्यतीची मोटार बनवीत आहेत. परवा त्याची आई आमच्याकडे आली व म्हणाली, "दादा, तुम्ही त्याला समजवा. गाड्या पळवून कुणाचं पोट भरलंय का?"

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. पण माउलीला उत्तर द्यायचे म्हणून माहिती गोळा केली. ती इतर आईबापांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की, गाडी पळविणारा वेगळा आणि गाडी घडविणारा वेगळा. पळविणाऱ्याला लहानपणापासून पाण्यासारखा पैसा लागतो. घडविणाऱ्याला लागते गणित, पदार्थविज्ञान आणि चिकाटी.

या क्षेत्रातले मोठे नाव म्हणजे इंग्लंडचे एड्रियन न्यूई. सोळाव्या वर्षी त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले होते. पुढे साउदम्प्टन विद्यापीठातून विमानविद्येची पदवी त्यांनी १९८० साली प्रथम श्रेणीत मिळविली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय निवडला तो मोटारीचा. विमानाचा पंख हवेच्या जोरावर वर उचलला जातो. शर्यतीच्या मोटारीत हेच उलटे करतात. गाडीच्या पोटाखालून हवा वेगाने काढली की तेथील दाब कमी होतो, गाडी रस्त्याला चिकटून राहते व वळणावर वेग टिकतो. या अभ्यासानंतर न्यूईंना लगेच फिटिपाल्डी या लहानशा संघात काम मिळाले. पुढे विल्यम्स, मॅक्लारेन व रेड बुल या संघांनी त्यांच्या गाड्यांवर जगज्जेतेपदे जिंकली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आहे. तेथे २०११, २०१२ व २०१३ साली फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. तिन्ही वेळा पहिली आली ती रेड बुलचीच गाडी.

डिप्लोमा करणाऱ्या मुलांनीही मन लहान करू नये. जॉन बर्नार्ड यांनी वॉटफर्डच्या तंत्र महाविद्यालयातून डिप्लोमाच केला होता. लोला कंपनीत ते कनिष्ठ डिझायनर म्हणून लागले. याच बर्नार्ड यांनी मॅक्लारेनसाठी कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी तयार केली. ती १९८१ साली शर्यतीत उतरली. पुढे सगळ्या संघांनी तोच मार्ग धरला.

आता प्रश्न येतो, नुसत्या पदवीवर हे काम मिळते काय? मिळणे अवघड आहे. पदवी हजारोंकडे असते. नोकरी देणारा विचारतो, तू स्वतः काय बनविलेस, आणि असेच का बनविलेस? याचे उत्तर वर्कशॉपमध्ये तयार होते. फॉर्म्युला स्टुडंट ही विद्यार्थ्यांची स्पर्धा ब्रिटनमध्ये १९९८ पासून भरते. त्याच धर्तीवर आपल्याकडे सुप्रा व फॉर्म्युला भारत या स्पर्धा आहेत. फॉर्म्युला स्टुडंटच्या १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी न पळविता मिळवायचे असतात. रचनेची कारणे परीक्षकांना पटवून देण्यास १५०, खर्चाच्या हिशेबाला १०० आणि व्यवसायाची योजना मांडण्यास ७५. हिशेबालाही गुण आहेत हे वाचून आम्हा कॉमर्सवाल्यांना बरे वाटले!

तरीही खोटी आशा दाखविणे आम्हास मान्य नाही. फॉर्म्युला वनमध्ये संघ अवघे दहा-अकरा. त्यांतील बहुतेकांचे कारखाने इंग्लंडात आहेत. महिंद्र कंपनीचा संघ फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींच्या शर्यतीत २०१४ पासून आहे, त्याचेही ठाणे तिकडे बॅनबरीला. म्हणून बरीच मुले पदवीनंतर क्रॅनफिल्ड, ऑक्सफर्ड ब्रुक्स अशा विद्यापीठांत या विषयाचे पुढील शिक्षण घेतात. तो खर्च कामगाराच्या पगारात बसणारा नाही. अशा वेळी कर्जात उडी घेण्याआधी सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी करावी. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मात्र विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. म्हणून आपण निवडलेले विद्यापीठ त्या अटीत बसते की नाही, हे अर्जाआधीच समाजकल्याण कार्यालयातून समजून घ्यावे.

आणि तिकडचे दार नाहीच उघडले तर? तर शिकलेले वाया जात नाही. संगणकावर आराखडा काढणे, भाग किती भार सोसेल हे तपासणे, वेल्डिंग, चाचण्या ही कामे पुणे, चाकण, नाशिकच्या मोटार कारखान्यांतही लागतात.

आम्ही त्या ताईंना एवढेच सांगितले, "तो गाड्या पळवीत नाही, गाडी घडवायला शिकतोय. त्याला तेथे थांबू द्या. फक्त दोन अटी घाला. परीक्षेत विषय मागे राहता कामा नये, आणि जे बनवील त्याची वही ठेवली पाहिजे." मुलाने दोन्ही अटी कबूल केल्या. आता रात्री दहा वाजता त्याचे जेवण झाकून ठेवलेले असते, आणि घरात त्यावरून भांडण होत नाही.