खंदकातले वर्तमानपत्र

लढाई म्हटली की तोफा, बंदुका आणि रणगाडे डोळ्यांपुढे येतात. पण फौजेला बातम्याही लागतात. घरापासून दूर असलेला शिपाई पहिल्यांदा मनाने खचतो.

हे ओळखून इंग्रज सरकारने 2 जानेवारी 1909 रोजी अलाहाबादहून 'फौजी अखबार' नावाचे साप्ताहिक सुरू केले. ते उर्दूत निघे. पुष्कळ शिपायांना वाचता येत नसे. मग एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. 1954 साली त्याचे नाव 'सैनिक समाचार' झाले. पुढे ते तेरा भाषांत निघू लागले. त्यांत उर्दू आहे आणि मराठीही.

पण हे सरकारने काढलेले पत्र. शिपायांनी स्वतः काढलेल्या पत्राची गंमत निराळीच!

पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र शहराभोवती चार वर्षे लढाई चालली. याच भागात 31 ऑक्टोबर 1914 रोजी खुदादाद खान यांनी, सोबतचे सारे पडल्यावरही, मशीनगन चालू ठेवली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले हिंदी सैनिक. सैनिक तेथे खंदकांत राहत. ('खंदक' हा शब्द तुम्हाला शिकवायला नको, तो उर्दूत आहे तसाच मराठीत आहे.) खंदकांत चिखल, उंदीर आणि वरून तोफांचे गोळे.

1916 च्या सुरुवातीस इंग्रजांच्या एका पलटणीला त्या पडक्या शहरात छापखाना सापडला. पलटणीतील एक सार्जंट पूर्वी छपाईचेच काम करीत असे. कॅप्टन रॉबर्ट्स संपादक झाले आणि 12 फेब्रुवारीला पहिला अंक निघाला. इंग्रज शिपाई ईप्रला 'वायपर्स' म्हणत, म्हणून पत्राचे नाव 'वायपर्स टाइम्स'. अकोला-अमरावतीच्या शाळांत हस्तलिखित काढताना रंग कमी पडतात. यांना अक्षरेच कमी पडली! इंग्रजीत 'ई' पावलोपावली लागतो आणि नेमके त्याचेच खिळे अपुरे. म्हणून एक पान जुळवायचे, छापायचे, खिळे सोडवायचे आणि मग दुसरे पान.

त्यात शौर्याच्या फुशारक्या नव्हत्या. अधिकाऱ्यांची थट्टा होती, खोट्या जाहिराती होत्या. एका जाहिरातीत शत्रूच्या ताब्यातील टेकडीच बंगल्यासाठी विकायला काढली होती. हवा मोकळी आणि शहराचा देखावा सुंदर! त्या टेकडीवर कोण बसले आहे हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. सरकारी स्तुतीपेक्षा अशा विनोदानेच शिपायांना जास्त धीर आला असेल, असे मला वाटते.

तोफेच्या माऱ्यात छापखाना मोडला, तेव्हा त्यांनी दुसरा शोधला. पलटण हलली की पत्राचे नावही बदले. 11 नोव्हेंबर 1918 रोजी युद्ध थांबले. डिसेंबरात शेवटचा अंक निघाला, तोवर त्याचे नाव झाले होते 'बेटर टाइम्स', म्हणजे 'अधिक चांगले दिवस'.