काचेच्या टाकीतले पहिले शील

अलीकडे आपल्या माणसांच्या घरी गेले की तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि कोपऱ्यात माशांची टाकी दिसते. टाकीबद्दल विचारले तर यजमान हळूच सांगतात, "या दिशेला मासे ठेवले की भरभराट होते म्हणे." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात वास्तुशास्त्र मागच्या दाराने शिरते, ते असे!

आम्ही दिशा पाहिली नाही, पण चुकलो आम्हीही. मुलीच्या हट्टापायी गोल काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणले. रोज पाणी बदलले. पाचव्या दिवशी दोन्ही मेले. मुलीने विचारले, "बाबा, आपण रोज पहिले शील म्हणतो ना?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही वाचले, जाणकारांना विचारले आणि मगच दुसरी टाकी मांडली. ती आजही नांदती आहे. तिचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवतो.

मासे कशाने मरतात?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही घातकच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि ते थोडे असले तर मासे सहन करतात. हे जिवाणू वाळूत व फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी मासे सोडले, जिवाणूंना वेळच दिला नाही. वर रोज नळाचे ताजे, क्लोरीनचे पाणी ओतले. मासे मेले ते आमच्या अज्ञानाने. त्यात दैवाचा काही संबंध नव्हता.

टाकी कशी मांडावी?

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी घ्यावी. तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी मावते, म्हणून टेबल भक्कम हवे. तळाशी धुतलेल्या वाळूचा दोन इंच थर द्यावा. त्यात हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया लावावे. शाळेच्या पुस्तकात चित्र पाहिलेल्या याच त्या आपल्याकडच्या पाणवनस्पती. त्या अमोनिया, नायट्रेट शोषतात आणि दिवसा प्राणवायू देतात. नळाचे पाणी दोन दिवस उघड्या बादलीत ठेवले की क्लोरीन उडून जातो. टाकी थेट उन्हात ठेवू नये, नाहीतर शेवाळ माजते. पहिला महिना-दीड महिना टाकीत मासे सोडू नयेत. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे जिवाणू वाढतात.

मग सहा-सात झेब्रा डॅनिओ आणावेत. हे कळपाने राहणारे मासे, एकटे ठेवू नयेत. ते उडी मारतात, म्हणून वर झाकण हवे. नाव परदेशी वाटते, पण हा निळ्या रेघांचा, दीड इंची मासा आपल्याच देशातला. हॅमिल्टन या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालते. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्या शरीरात जोड सापडते, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. डासांच्या अळ्या तर तो आवडीने खातो.

एक बादली पाणी

"नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे चोचले कशाला?" असे एका मावशींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. याच जिल्ह्यात १९३४ साली दौलताबाद किल्ल्याच्या हौदावर बाबासाहेबांच्या काही सहकाऱ्यांनी तोंड-पाय धुतले म्हणून जमाव धावून आला होता. पुढे किल्ल्यात त्यांनी कुठेही पाण्याला शिवू नये म्हणून सोबत शस्त्रधारी शिपाई दिला गेला. पाण्याचे मोल आपल्याहून कोण जास्त जाणणार? म्हणून आमच्या घरी टाकीचे एक थेंबही गटारात जात नाही. आठवड्याला एक बादली पाणी बदलतो आणि काढलेले पाणी तुळई-खिडकीतल्या कुंड्यांना घालतो. त्यातले नायट्रेट म्हणजे खतच. मावशींच्या कढीपत्त्यालाही आता तेच पाणी जाते.

तीन गोष्टी टाळा

नाथसागरातून मासे किंवा वनस्पती आणू नका. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. मासे पैदास केंद्रातले आहेत ना, हे दुकानात विचारूनच घ्या. काचेसारखा पारदर्शक देशी मासा सुईने रंग टोचून विकला जातो. तो मुळीच घेऊ नका.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बुद्धपौर्णिमेला करुणा म्हणून टाकीतले मासे तलावात सोडावेत, असे काहींना वाटते. भावना चांगली, परिणाम वाईट. दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच टाक्यांतून सुटून देशातल्या अनेक नद्या-तलावांत माजला आहे. तो देशी माशांचे खाद्य पळवतो आणि त्याच्या काट्यांनी गरीब मच्छीमारांची जाळी फाटतात. एका जिवाची सुटका करताना हजारोंच्या पोटावर पाय येतो. नको असलेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत.

मैत्रीला प्रज्ञेची जोड हवी, असे धम्म सांगतो. भरभराटीसाठी टाकी ठेवायची असेल तर ठेवूच नका. पण आठवड्याला एक बादली आणि रोज दहा मिनिटे द्यायची तयारी असेल, तर मुलांच्या हाती खुशाल द्या. आमच्या मुलीने टाकीशेजारी वही ठेवली आहे. पाणी कधी बदलले, मासे किती, हे ती स्वतः लिहिते. गेल्या वर्षभरात त्या वहीत एकाही मृत्यूची नोंद नाही.