पेशीची जागा बदलली, तर?

आपल्या ओढ्यांत राहणाऱ्या झेब्राफिशचा पारदर्शक भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतो. म्हणूनच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) त्वचेचा, तर पुण्याच्या आघारकर संस्थेत हृदयाचा अभ्यास या माशावर होतो.

पेशींची जागा बदलण्याचा प्रयोग असा: फलनानंतर सुमारे चार तासांनी, चमकत्या रंगाने खूण केलेल्या काही पेशी काचेच्या सूक्ष्म नळीने उचलून दुसऱ्या भ्रूणात सोडतात. भ्रूणाच्या कडेला सोडल्या तर त्यांपासून स्नायू, रक्त, आतडे बनतात; वरच्या टोकाला सोडल्या तर त्वचा, मेंदू. पेशी काय बनणार, हे शेजारच ठरवतो! पुढे शेजाराचा हा प्रभाव थांबतो. १९९३ साली हो आणि किमेल या संशोधकांनी दाखवले, की गर्भस्तर बनताना आत शिरलेली पेशी हलवली तरी मार्ग सोडत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सदोष जनुकाच्या पेशींचा प्रयोग. निरोगी भ्रूणाच्या कडेला ठेवूनही त्या आतड्याचा स्तर घडवत नसतील, तर उणीव त्या पेशींतच आहे, शेजारात नाही.