नगरपालिकेची पत कशी ठरते?

कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक अर्जदाराचे उत्पन्न, परतफेडीची सवय आणि कर्जाचे प्रयोजन तपासते. स्थानिक स्वराज्य संस्थांची पतही याच निकषांवर जोखली जाते. म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळ गावास 2020 मध्ये नगर पंचायतीचा दर्जा देण्यात आला. असा दर्जा मिळताच पाणी, गटारे, दिवाबत्ती यांविषयीच्या अपेक्षा वाढतात; कराचे उत्पन्न मात्र सावकाश वाढते. ही तफावत भरून काढण्यातच नेतृत्वाची कसोटी असते.

अहमदाबाद महानगरपालिकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1994 मध्ये केशव वर्मा आयुक्तपदी आले, तेव्हा पालिका तोट्यात होती. जकात व मालमत्ता कराच्या वसुलीस शिस्त लावण्यात आली आणि तुटीच्या जागी शिल्लक दिसू लागली. त्या बळावर 1998 मध्ये पालिकेने राज्य शासनाच्या हमीशिवाय 100 कोटी रुपयांचे रोखे विकले.

सेबीने 2015 मध्ये अशा रोख्यांसाठी नियम घालून दिले. त्यानंतर जून 2017 मध्ये पुणे महानगरपालिकेने चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने, दहा वर्षे मुदतीचे 200 कोटी रुपयांचे रोखे काढले. अशा व्यवहारात गुंतवणूकदाराचा विश्वास जपण्यासाठी ठरावीक करवसुली प्रथम स्वतंत्र एस्क्रो खात्यात जमा केली जाते. व्याज व मुद्दल यांची तरतूद झाल्यावरच उर्वरित रक्कम अन्य खर्चास मिळते. म्हणजेच नागरिकांनी वेळेवर भरलेला कर हेच खरे तारण होय.

तथापि, पैसा उभारणे हे निम्मेच कार्य आहे. पुण्यातील या योजनेच्या निविदा रद्द करून नव्याने मागवाव्या लागल्या. 200 कोटींवर 7.59 टक्के दराने वर्षाला 15 कोटी 18 लाख रुपये व्याज होते, आणि नळाला पाणी येवो वा न येवो, ते द्यावेच लागते. उत्तम पतमानांकन परतफेडीची क्षमता दर्शविते. काम वेळेत होईल याची हमी ते देत नाही.

म्हणून आपल्या पालिकेचे अंदाजपत्रक पाहताना तीन बाबी अवश्य तपासाव्यात: कराची मागणी व प्रत्यक्ष वसुली, महसुली उत्पन्न व खर्च यांतील शिल्लक, आणि भांडवली कामांसाठी ठेवलेल्या निधीपैकी खरोखर खर्च झालेली रक्कम. जागरूक करदाता हाच पालिकेचा पहिला लेखापरीक्षक असतो.