सलालाह : लोबानाच्या नगरीत चार दिवस

अरबस्तानाचे नाव घेतले की डोळ्यांपुढे वाळूच उभी राहते. ओमानच्या दक्षिण टोकास, धोफार प्रांताची राजधानी असलेले सलालाह हे नगर मात्र या समजुतीस छेद देते. मस्कतपासून सुमारे एक हजार किलोमीटरवर अरबी समुद्राच्या काठी वसलेल्या या शहरावर जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धुके आणि रिमझिम पाऊस उतरतो. जो नैर्ऋत्य वारा कोकणात मुसळधार कोसळतो, त्याचीच एक झुळूक येथील डोंगर हिरवे करते. या ऋतूस तेथे ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेला हा शब्द मूळचा अरबी, आणि त्याचा तेथील अर्थ शरद ऋतू.

२०२४ च्या सप्टेंबरात आम्ही पाच जण, तीन चिकित्सक आणि दोन औषधनिर्माते, चार दिवसांसाठी सलालाहला गेलो. पर्यटन हा हेतू होताच. परंतु मुख्य ओढ होती ती एका निर्यासद्रव्याची. ‘कुंदुरु’ या नावाने आपण जे वापरतो, त्याचे जगप्रसिद्ध अरबी भावंड जेथे झाडावर पाझरते ती भूमी प्रत्यक्ष पाहावी, असे मनात होते. तेथे जे पाहिले, आणि त्यातून आपल्या व्यवसायाविषयी जे प्रश्न उभे राहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नगराचे रूप

विमानतळावरून शहरात येताना रस्त्याच्या कडेला नारळ, केळी आणि पपईच्या बागा लागतात. शहाळी विकणाऱ्या टपऱ्यांवर मल्याळम सर्रास ऐकू येते आणि हिंदीत भाव विचारला तर हिंदीतच उत्तर मिळते. कोकणातील एखाद्या बंदरगावी आलो आहोत की काय, असा भास क्षणभर होतो. हा भास आमच्यापुरता नाही. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता यानेही येथील केळी, नारळ आणि नागवेल पाहून हिंदुस्थानाची आठवण काढली आहे.

नाकाला मात्र लगेच कळते की हे कोकण नव्हे. दुकानाच्या उंबऱ्याशी, उपाहारगृहाच्या दारात, घराच्या ओसरीवर सर्वत्र मातीची रंगीत धुपाटणी ठेवलेली असतात. त्यांस ‘मजमर’ म्हणतात. निखाऱ्यावर दोन-चार खडे टाकले की लिंबासारखी ताजी, किंचित तिखट झाक असलेला धूर पसरतो. पाहुणा आला की धुपाटणे त्याच्यापुढे फिरवतात, कपडे त्यावर धुपवतात, आणि उत्तम प्रतीचे खडे रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी ते पाणी पितात. आपल्याकडे धूपन हा व्रणचिकित्सेचा आणि सूतिकागाराचा विधी म्हणून ग्रंथांत आहे, व्यवहारात मात्र तो क्षीण झाला. तेथे धूपन दिनचर्येत आहे. शास्त्राचा आधार न विचारताही एखादी प्रथा घराघरांत कशी टिकते, हे पाहण्यासारखे होते.

सुमहुरम आणि आपली बंदरे

दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्वेस असलेल्या खोर रोरी येथे गेलो. खाडीच्या मुखाशी टेकाडावर सुमहुरम या प्राचीन बंदराचे दगडी अवशेष आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांत हे बंदर वसले आणि पुढे अनेक शतके येथून धूपद्रव्य जहाजांत भरले जात होते. युनेस्कोने २००० साली ‘लोबानाची भूमी’ म्हणून ज्या चार स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हे एक. वादी दौकाह, शिसर आणि सलालाह शहरातील अल बलीद ही उरलेली तीन.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या किनाऱ्याचे वर्णन आहे. भडोच आणि मलबारहून परतणारी जहाजे उशीर झाल्यास हिवाळाभर येथेच थांबत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन त्या बदल्यात धूप घेत, असे त्यात सांगितले आहे. त्याच ग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरे व पैठण, तेर या आपल्या बाजारपेठाही येतात. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन उत्खनकांना सुमहुरम येथे भारतीय घडणीची शालभंजिकेची लहान कांस्यमूर्ती मिळाली. तमिळ-ब्राह्मी अक्षरांचे खापरही पुढे सापडले. त्या ओसाड भिंतींपाशी उभे राहिल्यावर एक गोष्ट मनात ठसली. आपल्या संहितांच्या काळातील वैद्यांस परदेशी धूपद्रव्य अपरिचित असण्याचे कारण नव्हते. ‘कुंदुर’ हा शब्द फारसी-अरबीतही आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

झाडापाशी

तिसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवरील वादी दौकाह गाठले. प्रवासातला हा सर्वांत विलक्षण भाग. समुद्राकडील उतार धुक्याने हिरवेगार. घाटमाथा ओलांडताच हिरवळ तुटते आणि दगडधोंड्यांचे कोरडे खोरे सुरू होते. धूपाचे झाड, म्हणजे बॉसवेलिया सॅक्रा, या कोरड्या बाजूस वाढते. पावसाची झड त्याला सोसत नाही, पण डोंगरापलीकडून येणाऱ्या दमट हवेचा शेजार त्याला हवा असतो.

झाड बुटके, बहुधा बुंध्यापासूनच अनेक खोडांत फुटलेले. साल कागदासारखी पापुद्रे सुटणारी. पाने संयुक्त आणि चुरगळल्यासारखी. मेळघाटात वा सातपुड्यात ज्यांनी सालई पाहिली आहे, त्यांस कूळ तात्काळ ओळखता येईल. सालई म्हणजे आपली शल्लकी, बॉसवेलिया सेराटा. दोन्ही एकाच प्रजातीतील, आणि ज्या कुळात गुग्गुळ व हिराबोळ येतात त्याच कुळातील. निघंटूंनी शल्लकीस ‘गजभक्ष्या’ म्हटले आहे. धोफारात हत्ती नाहीत. तेथे उंट आणि शेळ्या ही झाडे खातात, आणि कोवळी रोपे वाढत नाहीत याचे ते एक मोठे कारण आहे.

तेथील एका वृद्ध गृहस्थांनी खाच घेण्याची रीत समजावून सांगितली. ‘मनकफ’ नावाच्या बोथट सुरीने सालीचा लहानसा तुकडा खरवडतात. दुधासारखा चीक थेंबाथेंबाने पाझरतो आणि हवेने घट्ट होतो. पहिल्या खाचेचा माल हलका मानतात. सुमारे दोन आठवड्यांनी तीच जागा पुन्हा खरवडतात, आणि नंतरच्या खेपांना जे पारदर्शक ‘अश्रू’ मिळतात तेच बाजारात मोलाचे ठरतात. एका झाडावर किती खाचा घ्याव्यात आणि त्यास कधी विश्रांती द्यावी, याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘झाड थकले की खडा लहान होतो,’ असे ते म्हणाले. द्रव्यसंग्रहाचा याहून सोपा नियम आम्ही ऐकलेला नाही.

हाफा बाजार आणि एक वाद

सायंकाळी हाफा बाजारात गेलो. बुरखाधारी विक्रेत्या स्त्रिया पोत्यांपुढे बसून खडे निवडत होत्या. चार नावे वारंवार कानी पडली : होजारी, नजदी, शझरी आणि शाबी. होजारी सर्वांत वरची, फिकट हिरवट झाकेची प्रत; शाबी ही किनाऱ्याकडील, सर्वांत खालची. किमतीत कित्येक पटींचा फरक.

येथे आमच्यात वाद झाला. आमच्या औषधनिर्मात्या मित्रांपैकी एकाने होजारी घाऊक घेऊन आपल्या संधिवातावरील योगात कुंदुरुऐवजी वापरावी, असा विचार मांडला. माल उत्तम, नाव मोठे आणि जाहिरातीसही सोयीचे! चिकित्सक मंडळींनी त्यास विरोध केला, आणि निवासस्थानी परतल्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालली. तिचा निष्कर्ष असा.

होजारीची प्रत रंग, आकार आणि सुगंध यांवर ठरते. ती धुपाची प्रत आहे, औषधाची नव्हे. सुगंध हा उडणाऱ्या तेलाचा गुण. तर शोथहर कार्यासाठी ज्यांचा अभ्यास झाला ती बॉसवेलिक आम्ले न उडणाऱ्या राळेच्या भागात असतात. ती सॅक्रातही आहेत; परंतु युरोपीय फार्माकोपियाने भारतीय सालईच्या निर्याससाठी दोन प्रमुख किटो-बॉसवेलिक आम्लांचे किमान प्रमाण प्रत्येकी १ टक्का ठरविले आहे, तसा निकष बाजारातल्या ‘होजारी’ या नावामागे नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियातही कुंदुरु म्हणजे बॉसवेलिया सेराटाचा निर्यास. म्हणून ग्रंथोक्त योगात सॅक्रा घातली तर ते द्रव्यांतर होते, आणि द्रव्यांतर रुग्णापासून लपवून करता येत नाही. मित्राने हे मानले. त्याने धुपासाठी दोन किलो होजारी घेतली. योगासाठी एक खडाही नाही.

याच विचारातून दुसरी एक सूचना निघते. हल्ली रुग्ण ‘फ्रँकिन्सेन्स’ तेलाच्या लहान बाटल्या घेऊन येतात आणि ते सांधेदुखीवर पोटात घ्यावे काय, असे विचारतात. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या तेलात बॉसवेलिक आम्ले उतरत नाहीत. सालईच्या निर्यासावरील अभ्यासाचे श्रेय त्या तेलास देणे म्हणजे रुग्णाची दिशाभूल होय. कर्करोगावरील दाव्यांबद्दल तर अधिक स्पष्ट बोलणे हे आपले कर्तव्यच आहे.

नावांचा घोटाळा

या प्रवासात सर्वाधिक शिकवले ते एका शब्दाने. सलालाहमध्ये ‘लुबान’ म्हणजे बॉसवेलियाचा निर्यास. आपल्या बाजारात ‘लोबान’ मागा. दुकानदार बहुधा स्टायरॅक्स वृक्षाची राळ देईल, जी सुमात्रा आणि आसपासच्या प्रदेशांतून येते. अरबांनी तिला ‘लुबान जावी’, म्हणजे जावा बेटाकडील लोबान, असे म्हटले आणि त्यावरूनच ‘बेंझॉइन’ हे पाश्चात्त्य नाव झाले. याच राळेस मराठीत ‘ऊद’ म्हणतात. तर अरबी ‘ऊद’ म्हणजे अगरू! एका शब्दाच्या दोन टोकांस दोन निराळी झाडे. भरीस भर म्हणून ‘धूप’ आणि ‘राळ’ ही नावे बाजारात कशासही लागतात.

सुश्रुताने एलादि गणात कुंदुरुक, गुग्गुळ, सर्जरस, तुरुष्क आणि श्रीवेष्टक यांची पृथक् नोंद केली आहे. शल्लकीची साल चरकाच्या पुरीषविरजनीय महाकषायात येते. आचार्यांनी जे भेद काटेकोरपणे राखले, ते आपण दुकानाच्या चिठ्ठीवर पुसून टाकू नयेत.

फार्मसीच्या टेबलावरच करता येतील अशा काही साध्या परीक्षा येथे देतो. कुंदुरु पाण्यात घोटल्यास दुधाळ पांढरे मिश्रण होते, कारण त्यात डिंकाचा अंश असतो. बेंझॉइन अथवा चीडाची राळ तसे मिश्रण देत नाही, आणि ती अल्कोहोलमध्ये जवळजवळ पूर्ण विरघळते. कुंदुरुचा डिंक मात्र तळाशी उरतो. चघळल्यास कुंदुरु मऊ, पांढरट होऊन दातांस चिकटतो. बेंझॉइन तापविल्यास घशास झोंबणारी वाफ सुटते. हिराबोळ कडवटपणानेच ओळखू येतो. या परीक्षा प्रयोगशाळेची जागा घेत नाहीत. पण चुकीचे पोते दारातूनच परत पाठवण्यास त्या पुरतात.

आपल्यापुढील प्रश्न

वादी दौकाहच्या झाडांभोवती आज संरक्षण आहे. सर्वत्र तसे नाही. इथिओपिया, इरिट्रिया आणि सुदान येथील बॉसवेलिया पॅपिरिफेराच्या वनांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य वनांत कोवळी झाडेच उरलेली नाहीत आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा इशारा त्यात आहे. गुग्गुळाचे काय झाले ते आपण जाणतोच. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत तो अतिसंकटग्रस्त ठरला आहे. सालईची मागणी देशात आणि परदेशात वाढलेली आहे. मध्य भारतातील आदिवासी संग्राहकाच्या हाती मिळणारा भाव आणि झाडास मिळणारी विश्रांती, या दोन्हींचा विचार खरेदी करणाऱ्यानेच करावयाचा आहे.

म्हणून वैद्यबंधू-भगिनींस आणि औषधनिर्मात्यांस आमचे तीन निवेदने आहेत. चिकित्सकांनी चिठ्ठीवर ‘लोबान’ वा ‘धूप’ असे मोघम न लिहिता कुंदुरु किंवा शल्लकीनिर्यास असे लिहावे. औषधनिर्मात्यांनी खरेदीच्या वेळी वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि मालाचा प्रदेश व्यापाऱ्याकडून लिहून घ्यावा, आणि प्रत्येक खेपेची परीक्षा नोंदवहीत ठेवावी. शक्य तेथे अनेक फार्मसींनी एकत्र येऊन संग्राहकांच्या सहकारी संस्थांकडून थेट माल घ्यावा, आणि खाचांच्या संख्येची व विश्रांतीच्या काळाची अट करारातच घालावी.

सलालाहकडे जगाला देण्यासारखा सुगंध आहे, आणि तो राखण्याची रीतही आहे. आपल्या सातपुड्याकडे सालई आहे. तिच्यासाठी अशी रीत घालून देणे हे आपल्या पिढीचे काम आहे.