किल्ली फिरवताच येणारा ‘कट्’ आवाज

सकाळच्या घाईत मोटारीची किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरू होण्याऐवजी बॉनेटखालून केवळ ‘कट्’ असा आवाज यावा, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. दिवे लागतात, हॉर्न वाजतो. म्हणून बॅटरी ठीक आहे असे समजून आपण थेट स्टार्टर बदलायला निघतो. हा खर्च पुष्कळदा व्यर्थ ठरतो. म्हणून तो आवाज नेमके काय सांगतो, हे आपण समजून घेऊ.

पूर्वी हँडल मारून इंजिन सुरू करीत. हँडल उलटे फिरले की हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरील स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि हा धोका टळू लागला.

लहान पेट्रोल मोटारीच्या स्टार्टरला इंजिन फिरवताना साधारणतः १०० ते २०० अँपिअर प्रवाह लागतो. किल्लीच्या बारीक तारा एवढा प्रवाह वाहू शकत नाहीत. हे काम स्टार्टरवर बसवलेला सोलेनॉइड करतो. त्यातील तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात प्रवाह शिरताच लोखंडी दांडा आत ओढला जातो. तो एकीकडे स्टार्टरचे छोटे दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो, तर दुसरीकडे तांब्याची चकती दोन जाड टोकांवर दाबून मुख्य प्रवाह जोडतो.

वेटोळी वस्तुतः दोन असतात. एक ओढणारे, दुसरे धरून ठेवणारे. आरंभी दोन्ही मिळून क्षणभर ३० ते ५० अँपिअर घेतात. मुख्य जोडणी होताच ओढणाऱ्या वेटोळ्याच्या दोन्ही टोकांवर सारखाच विद्युतदाब येतो व त्यातील प्रवाह आपोआप थांबतो. पुढे केवळ १० अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो. मोटारीनुसार हे आकडे बदलतात.

आता दिव्यांचे कोडे पाहू. बॅटरीच्या सैल वा क्षार चढलेल्या टोकाशी अवघा ०.०२ ओहम रोध असला, तर हेडलाइटच्या १० अँपिअरला ०.२ व्होल्टच घट होते. दिवे उजळ राहतात. स्टार्टरच्या १५० अँपिअरला मात्र तेथेच ३ व्होल्ट गळतात. धरून ठेवणारे वेटोळे दुबळे पडते, दांडा मागे सरतो, दाब पुन्हा वाढतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. हीच ती ‘कट्-कट्-कट्’.

सलग कटकट ऐकू आल्यास प्रथम बॅटरी व तिची टोके तपासावीत. एकच ठोस ‘कट्’ येऊन इंजिन फिरत नसेल आणि बॅटरी, टोके व जाड तारा निर्दोष असतील, तर सोलेनॉइडची जळालेली चकती वा स्टार्टर यांवर संशय घ्यावा. आवाजच नसेल, तर किल्लीचा स्विच, रिले व बारीक तार पाहावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. सोलेनॉइडची टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडून गाडी सुरू करू नये. गाडी गिअरमध्ये असल्यास ती समोर उभ्या माणसावर चालून जाऊ शकते.