आखूड मापाची बास गिटार

मेरूपासून घोडीपर्यंत जिची तार नेहमीच्या 34 इंचांऐवजी सुमारे 30 इंचच असते, ती आखूड मापाची बास गिटार. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 साली हॅम्बुर्ग येथे घेतलेली हॉफ्नर 500/1 ही तिची सर्वविश्रुत प्रतिनिधी. लांबी घटल्याने त्याच स्वराला ताण कमी लागतो, सबब लहान हातालाही ती सुखावह ठरते, आणि तिचा मृदू, घुमणारा नाद मला तर फार प्रिय आहे. तारा मात्र याच मापाच्या घ्याव्यात. लांब तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला गेल्यास तो बिघडण्याचा संभव असतो. हॉफ्नरची घोडी केवळ तारांच्या दाबाने उभी असल्यामुळे सर्व तारा एकदम न उतरवता एकेक बदलावी. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर तेथेच हलक्या स्पर्शाने निघणाऱ्या स्वराहून चढा लागला, तर घोडी मेरूपासून किंचित दूर सरकवावी.